नाव बदललं, बीट तेच

खालापूर-कर्जत पट्ट्यात मी बातमीदारी करतो, एका दैनिकासाठी आणि एका वाहिनीसाठी. म्हणजे स्ट्रिंगर : पगार नाही, बातमीमागे पैसे. या धंद्यात मुरल्यावर इस्लाम स्वीकारला. त्यानंतर जे उमगलं, ते सुचेल तसं लिहितोय.

१. आधी राजपत्र, मग बायलाइन

राजपत्रात नाव छापून येईपर्यंत जुन्याच नावाने लिहावं. आधार, पॅन, बँक खातं, अधिस्वीकृतीपत्रिका ही रांग त्यानंतरची. मानधनाचा चेक एका नावाचा आणि खातं दुसऱ्या नावाचं, हा घोळ आपल्याला परवडत नाही. ए. आर. रहमान यांच्या आईच्या आग्रहावरून 'रोजा'च्या (१९९२) श्रेयनामावलीत ऐनवेळी नवं नाव गेलं. पण तो मान संगीतकाराचा, स्ट्रिंगरचा नव्हे. अनुसूचित जातीतल्या माणसाने आणखी एक हिशेब आधीच मांडावा. १९५०च्या आदेशानुसार तो दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. आमच्याकडच्या ठाकूर-कातकऱ्यांना, म्हणजे अनुसूचित जमातींना, धर्माची ही अट नाही.

२. आपली कहाणी विकायची नाही

एका पोर्टलवाल्याने विचारलं, "तुमचीच मुलाखत घेऊ, जोरात चालेल." दुसरीकडे एका धार्मिक जलशात मला स्टेजवर बसवून माझा किस्सा ऐकवायचा बेत होता. दोघांनाही नकार दिला. आपणच बातमी झालो की सरपंच उत्तर देण्याआधी आपली कुंडली काढतो.

इस्लाम स्वीकारून पत्रकारिता करण्याच्या या वाटेवरचा एक जुना माणूस मुंबईत होऊन गेला. मार्माड्यूक पिकथॉल या इंग्रज कादंबरीकाराने १९१७मध्ये लंडनमध्ये इस्लाम स्वीकारल्याचं जाहीर केलं आणि १९२०मध्ये इथे येऊन 'बॉम्बे क्रॉनिकल'चं संपादकपद घेतलं. आधीचे संपादक हॉर्निमन यांना सरकारने आदल्या वर्षीच हद्दपार केलेलं. त्या खुर्चीत बसून या गोऱ्या माणसाने असहकाराची बाजू लावून धरली. लोक त्याला ओळखतात ते १९३०च्या कुराणाच्या इंग्रजी भाषांतरामुळे. मला मोल वाटतं ते १९२४पर्यंत रोजचा अंक काढल्याचं.

३. "तुमच्या लोकांचं काय म्हणणं?"

२०२३ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली. राज्यात ठिकठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचं ठरवलं. डेस्कवरून फोन आला, "बाइट कशाला शोधतोस, तूच बोल ना!" इथले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्यांचे, मशीद-जमातीचा कारभार त्यांचा, भांडणंही त्यांची. मी कालचा. नेरळजवळच्या दामतला जाऊन तिथल्या माणसांना विचारावं. प्रवक्तेपद फुकट वाटायची डेस्कला भारी हौस.

४. मगरिब आणि लाइव्ह

मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज. डिसेंबरात ती सहाच्या सुमारास, जुलैत सव्वासातनंतर, म्हणजे नेमकी संध्याकाळच्या बातमीपत्रावर. "दहा मिनिटं द्या" एवढंच म्हणावं. कारण सांगत बसलं की चर्चासत्र सुरू होतं.

५. इर्शाळवाडी

१९ जुलै २०२३च्या रात्री आदिवासींच्या या वाडीवर दरड कोसळली. वर जायला रस्ता नाही, त्यामुळे मोठी यंत्रं चढेनात. फावडी-कुदळींनी माती उपसणं चाललेलं. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते.

पायथ्याशी माझ्या हातातला बूम पाहून एका म्हाताऱ्याने मनगट धरलं. "यादी कुणाकडं हाय?" यादीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, ओल्या बोटाने स्क्रीन सरकेना. शर्टाच्या आतल्या बाजूला पुसून नावं वाचली. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली. माझं नाव त्या दिवसांत कुणी विचारलं नाही.

नंतर वरून सूचना आली : तालुका सोड, आता 'अल्पसंख्याक' बीट कर. मी तालुकाच धरून ठेवला.

६. जाहिरात

दिवाळी पुरवणीच्या जाहिराती आम्हीच आणायच्या, कमिशनवर. खोपोलीच्या बाजारातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने गल्ल्यावरून विचारलं, "आता दिवाळीची जाहिरात मागायला तू येणार?"

म्हटलं, "शेठ, दर तोच आहे."

त्याने पाव पान दिलं. मागच्या वर्षीचं बिल मात्र अजून थकलेलंच आहे.