करपलेलं पातेलं : घासण्याआधी थोडी केमिस्ट्री



हॉस्टेलवर कोजागिरी म्हणजे गच्चीवरचं मसाला दूध आणि संक्रांत म्हणजे तिळाच्या वड्या. दोन्हीचे फोटो भरपूर निघतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीवर जे असतं त्याचा फोटो कुणी काढत नाही. तळाला काळा थर धरलेलं भलंमोठं पातेलं, आणि तारेच्या घासणीने ते खरडत बसलेल्या मेसच्या मावशी. आपण इंजिनिअरिंगची मुलं, फर्स्ट इयरला केमिस्ट्री सगळ्यांनीच पास केली आहे. तिचा थोडा उपयोग इथे करून बघूया.

लागलं, करपलं की जळलं?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे या सगळ्या प्रकाराला माझ्याकडे एकच शब्द होता, ‘बर्न’. मावशींकडे तीन आहेत. दूध ‘लागतं’, भाजी ‘करपते’ आणि पाक ‘जळतो’. पुस्तकं उघडली तेव्हा कळलं की ही तिन्ही प्रकरणं खरंच वेगळी आहेत आणि तिन्हींचा उपायही वेगळा आहे.

साखर आणि गूळ : साखर साधारण १६० अंश सेल्सिअसच्या पुढे तपकिरी व्हायला लागते. तिच्या रेणूंतून पाणी निघून जातं आणि ते एकमेकांना जोडले जातात. याला कॅरमलायझेशन म्हणतात. तपकिरी रंगापर्यंतचा थर पाण्यात विरघळतो. त्यापुढे तापवलं तर उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन, आणि तो पाण्याला दाद देत नाही.

दूध, खीर, वरण : यात प्रोटीन आणि साखर दोन्ही असतात. त्यांची आपसात जी क्रिया होते ती फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये मांडली. दुधात शिवाय कॅल्शियमचे क्षार असतात, ते तळाला चिकटतात.

तेल, तूप : कढईच्या कडेला जो पिवळट चिकट थर दिसतो तो म्हणजे तापून एकमेकांत गुंफलेलं तेल. जवळपास व्हार्निशच म्हणा.

पण करपतंच का?

पातेल्यात पाणी आहे तोवर तळाचं तापमान १०० अंशाच्या फार वर जात नाही, कारण जास्तीची उष्णता वाफ बनवण्यात खर्च होते. तळाशी पाणी आटलं की तापमान भराभर चढतं. त्यात आपली स्टीलची भांडी. उष्णता वाहून नेण्याची क्षमता बघा. तांबं सुमारे ४००, अ‍ॅल्युमिनियम सुमारे २३५ आणि स्टेनलेस स्टील फक्त १५ वॅट प्रति मीटर केल्व्हिन. त्यामुळे पातळ स्टीलच्या भांड्यात जिथे ज्योत लागते तिथेच करपतं आणि बाजूला दूध कोमट राहतं. जाड तळ, मंद आच आणि सतत ढवळणं, हे आजीचं शास्त्र म्हणजे हीट ट्रान्सफरच आहे.

कारखाने काय करतात?

आपल्या मराठवाड्यात साखर कारखाने कमी नाहीत. तिथे रोज टनावारी रस आटवतात, तरी तो करपत नाही. कारण शेवटची उकळी व्हॅक्यूम पॅनमध्ये होते. दाब कमी केला की रस ७० अंशाच्या आसपासच उकळतो. ही कल्पना १८१० च्या दशकात एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने काढली. गुऱ्हाळात व्हॅक्यूम नसतो, म्हणून तिथे काहिलीशेजारी माणूस उभा राहून सतत ढवळत असतो.

तरीही कारखान्याच्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत थर बसतोच. तो काढायला कॉस्टिक सोडा पाण्यात घालून उकळतात. डेअरीमध्ये आधी कॉस्टिक आणि मग अ‍ॅसिड फिरवतात. कॉस्टिक प्रोटीन आणि चरबी काढतं, अ‍ॅसिड क्षार काढतं. म्हणजे क्रम ठरलेला आहे : आधी पाणी आणि उष्णता, मग अल्कली, मग अ‍ॅसिड, आणि घासणं सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलट करतो.

आता प्रत्यक्ष कृती (स्टीलच्या भांड्यासाठी)

१. भांडं थोडं निवू द्या. तापलेल्या भांड्यात एकदम गार पाणी ओतलं तर तळ वाकतो, आणि वाफेने हात भाजतो ते वेगळंच.

२. पाक किंवा गूळ असेल तर थर बुडेल इतकं पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं उकळा. २० अंशाला एक लिटर पाण्यात सुमारे दोन किलो साखर विरघळते, तर १०० अंशाला जवळजवळ पाच किलो. गरम पाणी असताना वडीचा पाक चाकूने खरवडणं म्हणजे निव्वळ ताकद वाया घालवणं.

३. दूध, भात, वरण असेल तर लिटरला दोन चमचे खायचा सोडा घालून उकळा आणि रात्रभर तसंच ठेवा. उकळताना खायच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि थोडा धुण्याचा सोडा तयार होतो, म्हणून पाणी जास्त अल्कली बनतं. सकाळी थर पापडासारखा सुटतो. लाकडी उलथन्याने काढा.

४. तेलाच्या थराला धुण्याचा सोडा लावा. पूर्वी घरोघरी राखेने भांडी घासत, त्यामागेही हेच होतं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते तेलकटपणा काढतं.

५. शेवटी पांढरे डाग किंवा इंद्रधनुष्यी झाक उरली तर लिंबू किंवा व्हिनेगर फिरवा आणि धुवा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतू नका. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हाती खारट पाणी उरतं. आणि टॉयलेटच्या अ‍ॅसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. हा गमतीचा विषय नाही.

कुठल्या भांड्याला काय चालत नाही?

अ‍ॅल्युमिनियम : धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक नको. वरचा ऑक्साइडचा थर विरघळतो आणि भांडं काळं पडतं. इथे साधं पाणी उकळणं आणि नारळाची शेंडी बरी.

नॉनस्टिक : तार नको, आणि रिकामं तापवायचंच नाही. २६० अंशाच्या पुढे कोटिंग खराब व्हायला लागतं.

लोखंडी तवा : अ‍ॅसिड नको, रात्रभर भिजवणं नको. धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा.

कलईची भांडी : आपल्या शहराचा नान-खलिया ज्या तांब्याच्या देगांत शिजतो त्यांना आतून कथलाचा थर असतो. कथील २३२ अंशालाच वितळतं आणि मऊही असतं. तारेने घासलं तर करपलेल्या थरासोबत कलईही जाते, आणि उघड्या तांब्यात आंबट पदार्थ शिजवणं धोक्याचं.

शेवटी कामाचं

हा लेख ‘घरगुती टिप्स’ म्हणून लिहिलेला नाही. मावशींना विचारलं की सगळ्यात त्रास कशाचा, तर त्या पातेल्याबद्दल काही बोलल्या नाहीत. नुसते हात पुढे केले. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या होत्या. तार आणि साबण, दिवसातून दोन वेळा, इतकी वर्षं. सोड्याचं पाणीही कातडीला चांगलं नाही, म्हणून वरच्या सगळ्या कृतीत एक गोष्ट राहिली ती इथे लिहितो : रबरी हातमोजे. मेस कमिटीच्या खर्चात ते बसतात, फक्त यादीत कुणीतरी लिहायला हवेत.

दुसरं म्हणजे पाणी. आपल्याकडे ते मोजून वापरावं लागतं. नळ सोडून तासभर घासण्यापेक्षा दोन लिटर पाणी आणि एक रात्र पुरते.

म्हणून एवढीच विनंती. ज्याच्या हातून करपलं त्याने झोपायच्या आधी त्यात पाणी आणि सोडा घालून उकळी आणावी. त्याला पाच मिनिटं लागतात, बाकीचं काम रात्रभरात पाणी करतं. मेस कमिटीची पुढची मीटिंग असेल तेव्हा हातमोज्यांचा विषय मी मांडणार आहे. तुम्हीही या.