समुद्राची भरती आणि दादाची खोली



आपल्या बीड जिल्ह्यात समुद्र नाही. मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही. मग ही मुलगी समुद्रावर का लिहायला लागली, असे तुम्हांला वाटेल. कारण असे की माझा दादा जूनमध्ये कामाला मुंबईला जाणार आहे. तो कुर्ल्याला मामाजवळ राहील. ती खोली मिठी नदीपासून फार लांब नाही. आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणांचे काका, मामा तिकडेच आहेत, म्हणून हा विषय घेतला.

मामा सुट्टीत आले तेव्हा त्यांनी २६ जुलै २००५ची हकिगत सांगितली. दुपारी पाऊस वाढला. मामांना वाटले, पाणी रस्त्यावरून येईल. पण ते आधी गटारातून उलटे वर आले! बघता बघता खोलीत कमरेइतके झाले. मामांनी शेजारच्या म्हाताऱ्या आजींना खांद्यावर घेतले आणि वरच्या मजल्यावर नेले. सगळी रात्र तिथे जिन्यात बसून काढली.

त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या जिल्ह्यात सबंध वर्षाचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या दीड वर्षाचा पाऊस त्यांना एका दिवसात! मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. आजी म्हणाली, “आपल्याकडं पाणी यावं म्हणून देव पाण्यात ठेवायचे, अन् तिकडं जावं म्हणून ठेवायचे का?”

पण समुद्र जवळ असून पाणी गेले का नाही? मी गुरुजींना विचारले. त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोक पाडायला लावले. डब्यात पाणी ओतले, ते भोकातून भसाभस निघून गेले. मग तोच डबा पाण्याने भरलेल्या टबात, भोक बुडेल असा ठेवला. पुन्हा पाणी ओतले. आता ते हळू निघू लागले आणि आतले-बाहेरचे पाणी सारखे झाल्यावर थांबलेच. वरून ओतत राहिलो तर डबा भरत गेला. डबा म्हणजे शहर, भोक म्हणजे नाला आणि टब म्हणजे समुद्र. टबातले पाणी चढले, हीच भरती.

हे आपल्याला अगदीच नवे नाही. आपल्या माजलगाव तालुक्यात मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. गोदावरी दुथडी भरून चालली की सिंदफणेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. त्याला फुगवटा म्हणतात. मिठी नदी माहीमच्या खाडीत मिळते, तिथे गोदावरीच्या जागी समुद्र असतो, एवढाच फरक. शिवाय मिठीचे पात्र भराव, झोपड्या आणि कचऱ्याने अरुंद झाले होते. जुने नाले तर तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेले, आणि पुष्कळ नाल्यांची तोंडे भरतीच्या पातळीच्या खाली. त्या दिवशी दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती होती. भर पाऊस आणि भर भरती एकाच वेळी गाठली.

४.४८ मीटर म्हणजे तेवढी उंच लाट येते असे मला वाटले होते. तसे नाही. ही उंची अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात, आणि पाणी सहा तासांत हळूहळू चढते. मग सहा तास उतरते. एका भरतीपासून दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. म्हणून भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा येते.

हे सगळे चंद्राच्या ओढीमुळे होते. सूर्यामुळेही होते, पण कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात, तेव्हा मोठी भरती येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते, ती भांगाची भरती. मुंबईत सर्वांत मोठे पाणी पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनीही येते. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो, त्यामुळे जोर आणखी वाढतो. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस मुंबईची महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. २००५नंतर पाणी उपसून समुद्रात टाकणारी मोठी पंपिंग स्टेशने बांधली. तरी सखल भागात पाणी अजून साचते.

कोकणातले लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, झाली वेळ! तृतीया असेल तर सव्वादोन, अष्टमीला सहा. मी हे सांगितल्याबरोबर आजोबांनी सगळी पाऊणकी घडाघडा म्हणून दाखवली. आम्हांला ती येत नाही, याचे त्यांना फार वाईट वाटले. हा हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. खरी वेळ वेळापत्रकातच पाहावी.

दादाला मी एवढेच सांगितले : उधाणाचा दिवस असेल आणि पाऊस थांबत नसेल, तर भरतीच्या दोन तास आधीच मामाला घेऊन वरच्या मजल्यावर जा. कागदपत्रे पिशवीत बांधून माळ्यावर ठेव. पाणी भरलेल्या रस्त्यात पाय टाकू नको, खाली गटाराचे झाकण उघडे असते. ओहोटी लागली की पाणी आपोआप उतरू लागते. तोवर धीर धर.

दादा हसला. पण संध्याकाळी कॅलेंडर काढून त्याने जून ते सप्टेंबरच्या अमावास्या-पौर्णिमांवर लाल खुणा केल्या. ते पाहून आजीने त्याला तालुक्याहून आणखी एक कॅलेंडर आणायला लावले. एक दादाच्या ट्रंकेत गेले आहे. दुसऱ्यावर तशाच खुणा करून आजीने ते चुलीजवळच्या भिंतीला लावले आहे.