परवडणारे मानसोपचार : कोठे आणि कोणाकडे?

प्रश्न : कमी खर्चात मानसोपचार कोठे मिळतात आणि तज्ज्ञ कसा निवडावा?

उत्तर : महाराष्ट्रात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांची बाह्यरुग्ण सेवा मिळते, पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि १४४१६ या ‘टेलिमानस’ हेल्पलाइनवर मराठीतून विनामूल्य समुपदेशन होते. निवड करताना मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे औषधे लिहून देणारा पदव्युत्तर डॉक्टर, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे चाचण्या व संवादोपचार करणारा, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला व्यावसायिक, यांतील भेद ध्यानात घेऊन नोंदणी क्रमांक, शुल्क व भेटींची वारंवारता आधीच विचारावी. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून औषध थांबवू नये.