सहा कोटी वर्षांपूर्वीच्या हवेचा अभ्यास करायचाय?

कसारा किंवा ताम्हिणी घाटातला काळा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा होता. त्या लाव्हासोबत प्रचंड कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. त्याने पृथ्वी किती तापली? त्यातला किती वायू समुद्रात मुरला? उरलेला हवेतून निघून जायला किती काळ लागला? तेव्हा तापमान मोजायला कोणी नव्हते, म्हणून ही उत्तरे संगणकावर शोधावी लागतात. ती शोधणारी माणसे हेच काम पूर्णवेळ करतात. मुलाला किंवा मुलीला गणित मनापासून आवडते, पण घरातली चर्चा मात्र ‘कॉम्प्युटर ब्रँच मिळेल का’ याच्या पुढे सरकत नाही, अशा घरांसाठी हे लिहितो आहे.

हवामानाच्या मॉडेलमध्ये हवा, समुद्र आणि जमीन यांचे चौकोनी तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात उष्णता, पाणी आणि कार्बन किती आला, किती गेला, याची जमाखर्चाची वही भौतिकशास्त्राची समीकरणे ठेवतात. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी 1967 मध्ये हवेच्या एकाच उभ्या स्तंभाचे असे गणित मांडले. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान सुमारे 2.3 अंशांनी वाढेल, असे उत्तर आले. मानाबे यांना 2021 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

मग इतके मागे का जायचे? अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतून 8 लाख वर्षांची हवा मोजता आली. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण 180 ते 300 भाग होता. आज तो 420 च्या वर आहे. आजच्यासारखी किंवा याहून कार्बनने भरलेली हवा पाहायची, तर आणखी मागे, समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्म शिंपल्यांकडे जावे लागते. 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन सुटला, पृथ्वी काही हजार वर्षांत पाच-सहा अंशांनी तापली आणि सावरायला तिला लाखाहून अधिक वर्षे लागली. मॉडेलमध्ये कार्बन ओतून पाहायचा आणि गाळातल्या खुणा जुळतात का ते तपासायचे. 2009 मधल्या एका अभ्यासाने सुरुवातीला सोडला गेलेला कार्बन 3 हजार अब्ज टनांच्या आसपास किंवा कमी धरला. 2017 मधल्या दुसऱ्याने एकूण आकडा 10 हजार अब्ज टनांच्या पुढे नेला. हा फरक कुठून येतो, हे शोधण्यातच या विषयाची खरी गोडी आहे. ज्याला पाठीमागे छापलेले उत्तर लागते, त्याला इथे त्रास होईल.

मार्ग असा. भौतिकशास्त्र किंवा गणितात बी.एस्सी. सर्वांत भक्कम, भूशास्त्र घेतले तर गणित सोडू नका. अभियांत्रिकीतूनही येता येते. पुढे एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम परीक्षा, एम.एस्सी., मग पीएच.डी.साठी नेट किंवा गेट परीक्षा आणि पीएच.डी. मोठी मॉडेल्स अजूनही बरीचशी फोरट्रानमध्ये लिहिलेली असतात, विश्लेषण पायथनमध्ये होते. दोन्ही शिकता येतात. गणित कच्चे राहिले तर मात्र पुढे भरून काढणे फार अवघड जाते.

यासाठी लांब जायलाच हवे असे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने स्वतःचे पृथ्वी-प्रणाली मॉडेल बांधले आहे आणि 2024 पासून तिथे ‘अर्का’ हा महासंगणक आहे. पुण्याच्याच आयसर या विज्ञान संस्थेत पृथ्वी व हवामान विज्ञानाचा विभाग आहे. गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचे ध्रुवीय संशोधन केंद्र गाळाचे आणि बर्फाचे नमुने अभ्यासतात, आणि त्या नमुन्यांवाचून मॉडेल आंधळे आहे.

पालकांचा प्रश्न पगाराचा असतो, आणि तो रास्त आहे. नेट-जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाल्यास पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिना 37,000 रुपये आणि घरभाडे मिळते. पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे जातात, त्यानंतर काही वर्षे बहुधा परदेशात तात्पुरत्या पदांवर, आणि कायमच्या जागा थोड्या. घरात बाविसाव्या वर्षी पगार यायलाच हवा असेल, तर हा रस्ता मुलावर लादू नका. एम.एस्सी.नंतर थांबले तरी मोठा डेटा हाताळणे, कोड लिहिणे आणि अनिश्चितता आकड्यांत सांगणे ही कौशल्ये विमा, ऊर्जा आणि पीक-अंदाज या क्षेत्रांत चालतात.

आवड खरी आहे का, हे सुट्टीतच कळेल. एक्सेलमध्ये हवा, समुद्र आणि खडक असे तीन रकाने करा. ज्वालामुखीतून हवेत कार्बन टाका. पावसाने बेसॉल्ट, म्हणजे घाटातला तो काळा दगड, झिजताना कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. हवा जितकी उष्ण तितकी ही झीज जलद, हा नियम घाला. आकडे हजारो वर्षे पुढे सरकवा आणि हवा कधी सावरते ते पाहा. हे करताना जेवायची हाक ऐकू आली नाही, तर विचार पुढे न्या. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक संशोधन संस्था सर्वांसाठी खुल्या असतात. तेव्हा आई-वडिलांनीही सोबत जावे आणि तिथल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती वेळेवर येते का, आधीच्या तुकडीतले लोक आज कुठे आहेत, हे सरळ विचारावे.