मध्यस्थामार्फत जाणारी मागणी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अवधच्या नबाबांचा बाहेरील सत्तांशी होणारा व्यवहार कंपनीच्या रेसिडेंटमार्फत चाले. त्या रेसिडेन्सीचे भग्नावशेष लखनौमध्ये आजही उभे आहेत. १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावावरही असेच बंधन आले. संगणकांच्या जाळ्यातील ‘प्रॉक्सी’ हा काहीसा अशाच प्रकारचा मध्यस्थ होय. संस्थेतील संगणकाची मागणी तो स्वतःच्या नावाने बाहेर नेतो, आलेले उत्तर मागणाऱ्याच्या हाती देतो आणि या येजेची नोंद ठेवू शकतो. उपमा येथेच थांबवावी हे बरे. प्रॉक्सीला कोणाचे राज्य खालसा करावयाचे नसते.

समजा, लखनौमधील एका ग्रंथालयात जावा भाषेत लिहिलेली एक आज्ञावली असून ती नव्या पुस्तकांची माहिती बाहेरच्या सूचीतून मागवते. त्याच संगणकावर ब्राउझर सुरळीत चालतो, पण आज्ञावली मात्र निरुत्तर राहते. दोष बहुधा जाळ्यात नसतो. संगणकाला प्रॉक्सीचा पत्ता ठाऊक असला तरी जावा तो आपण होऊन विचारीत नाही. तो तिला तिच्याच परिभाषेत सांगावा लागतो: ‘एचटीटीपी.प्रॉक्सीहोस्ट’ या गुणधर्मात मध्यस्थाचे नाव आणि ‘एचटीटीपी.प्रॉक्सीपोर्ट’ मध्ये त्याचा द्वारक्रमांक. क्रमांक दिला नाही तर जावा ८० गृहीत धरते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ प्रॉक्सी ३१२८ किंवा ८०८० या द्वारी बसलेले असतात.

एवढे करूनही काम अडते, आणि खरी गोम येथेच आहे. आजच्या बहुतेक मागण्या सांकेतिक लिपीत गुंडाळलेल्या, म्हणजे ‘एचटीटीपीएस’ पद्धतीच्या असतात. त्यांच्यासाठी ‘एचटीटीपीएस.प्रॉक्सीहोस्ट’ व त्याचा पोर्ट स्वतंत्रपणे सांगावे लागतात. ते राहून गेले तर मागणी थेट बाहेर जाऊ पाहते. संस्थेची तटबंदी तिला मुकाट्याने गिळते. कालमर्यादा घातलेली नसेल तर आज्ञावली बराच वेळ ताटकळत बसते, आणि चूक कोठे झाली याचा सुगावा लागत नाही.

याउलट संस्थेच्या आतील संगणकांकडे जाणारी मागणी मध्यस्थाकडे जाऊ नये, हेही पाहावे लागते. त्यासाठी ‘एचटीटीपी.नॉनप्रॉक्सीहोस्ट्स’ ही वगळलेल्या नावांची यादी असते. नावानावांमध्ये उभी रेघ घालावयाची असते, स्वल्पविराम नव्हे. ही एकच यादी दोन्ही पद्धतींना लागू पडते, हा या रचनेतील विसंगतपणाच म्हटला पाहिजे.

काही प्रॉक्सी नाव व परवलीचा शब्द विचारतात. ‘बेसिक’ या पद्धतीत तो शब्द केवळ वेगळ्या अक्षरांत मांडला जातो, खऱ्या अर्थाने गुप्त केला जात नाही. म्हणून ऑक्टोबर २०१६ मधील जावा ८ च्या १११ व्या सुधारणेपासून एचटीटीपीएसच्या मागण्यांसाठी प्रॉक्सीपुढे ही पद्धत वापरणे मुळातच बंद ठेवण्यात आले. तोवर बिनबोभाट चालणाऱ्या आज्ञावलीला अशा वेळी ४०७ हा नकाराचा क्रमांक मिळतो. बंदी उठविणारा गुणधर्म उपलब्ध आहे. परंतु तो वापरण्यापूर्वी प्रॉक्सीकडे अधिक सुरक्षित पद्धतीची सोय आहे काय, हे संस्थेच्या व्यवस्थापकाकडे विचारावे.