काळ्या मातीतील चुनखडी

कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांनी कापलेल्या उभ्या काठांत, काळ्या थराखालच्या पिवळसर मातीत पांढरट गाठीसारखे खडे रुतलेले आढळतात. विहीर खणतानाही तेच वर येतात. हिंगोली जिल्ह्यातील ही चुनखडी बाहेरून आलेली नसून मुख्यतः याच भूमीत घडलेली आहे.

मराठवाड्याचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. त्यातील खनिजांत कॅल्शियम विपुल असते. जमिनीत मुरणारे पावसाचे पाणी मुळांच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वायू शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि हे कॅल्शियम विरघळवून खाली नेते. पावसाळा सरला, की ओल आटते, वायू निसटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुना, मातीच्या कणांभोवती साचतो. हजारो वर्षांत त्याचेच खडे होतात. कोकणातही पाषाण बव्हंशी हाच. परंतु तेथील मुसळधार पाऊस कॅल्शियम धुऊन नेतो व मागे जांभा उरतो. नदीकाठच्या जुन्या गाळातही हीच क्रिया घडली आहे. पुराने काठ ढासळला, की बारीक माती वाहून जाते आणि जड खडे पात्रात वाळूसोबत राहतात. पूर्वी असे खडे भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करीत.

शेतीत मात्र अतिरिक्त चुना अडचणीचा ठरतो. सामू 8 च्या वर गेला, की लोह, जस्त व स्फुरद जमिनीत असूनही पिकास मिळेनासे होतात. वसमत भागातील हळदीसारखे पीक अशा जमिनीत पिवळे पडते. त्यावर युरियाची मात्रा वाढविणे हा पुष्कळदा व्यर्थ खर्च होय. नत्राची उणीव प्रथम जुन्या पानांवर दिसते; लोहाची उणीव कोवळ्या पानांवर, आणि तीही शिरा हिरव्या राहून. अशा वेळी हिराकसाची 0.5 टक्के फवारणी उपयोगी पडते. शेणखतात मुरविलेले हिराकस जमिनीतूनही देता येते. जिप्सम हा चोपण जमिनीवरील उपाय आहे. त्याने चुना कमी होत नाही.

खरा धोका वरून दिसत नाही. वरचा थर निर्दोष आणि दोन फुटांखाली चुनखडी, अशी शेते अनेक आहेत. मोसंबीसारख्या फळझाडांना 10 टक्क्यांहून अधिक मुक्त चुना मानवत नाही, आणि हे कळेपर्यंत बागेवर काही वर्षांचा खर्च झालेला असतो. म्हणून लागवडीपूर्वी तीन फूट खड्डा घेऊन प्रत्येक फुटाची माती स्वतंत्रपणे तपासावी. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच माती फसफसली, तर चुना आहे हे शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखविता येते. त्याचे प्रमाण मात्र माती परीक्षण केंद्रातूनच कळते.

सपाटीकरणात वरची माती खरवडली, तर हाच खालचा थर उघडा पडतो. शेततळ्याच्या खोदाईतून निघालेली पांढुरकी मातीही शेतात पसरू नये. ती बांधासाठी वापरावी. तलावातील गाळ शेतकऱ्यांना वाटण्यापूर्वी ग्रामपंचायतीने त्याचाही नमुना तपासून घ्यावा.