थकवा रत्नागिरीपासून मोजावा

परदेशी एकट्याने जायचं ठरलं की आपल्याकडे पासपोर्ट, व्हिसा, बॅगेचं वजन आणि कोकमं-फणसपोळीची बांधाबांध यांवर महिनाभर बोलणं चालतं. थकव्याचा विषय कोणी काढत नाही आणि बेत फिसकटला तर काय, याचं उत्तर ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ असं असतं. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. विमान चुकतं, रद्द होतं, भलत्याच शहरात उतरवतं, ते बहुधा माणूस आधीच अर्धा दमलेला असताना. आणि दमलेल्या माणसाचा निर्णय नेमका तेव्हाच चुकतो. सोबत कोणी असेल तर दुसरा सावरून घेतो. एकट्याला ती सोय नाही. म्हणून थकव्याचा हिशेब आणि बेत बदलल्यास करायचे निर्णय, दोन्ही घरीच, झोप पुरी झालेली असताना करून ठेवावेत.

हा हिशेब मुंबई विमानतळापासून मांडला जातो, तिथेच पहिली चूक होते. रत्नागिरीहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आखाताकडे किंवा युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा, विमान पहाटे अडीचचं आहे. तीन तास आधी हजर राहायचं, म्हणजे साडेअकराला दारात. महामार्गाचा भरवसा नाही, म्हणून दुपारच्या आत घर सोडायचं आणि निघायच्या धांदलीत सहालाच उठायचं. विमानाची चाकं जमीन सोडतात तेव्हा हा माणूस वीस तासांहून जास्त जागा असतो आणि खरा प्रवास तर अजून व्हायचाच असतो. सलग सतरा-अठरा तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया आणि लक्ष थोडं मद्य घेतलेल्या माणसाइतकं मंदावतं, हे झोपेच्या अभ्यासकांनी चाचण्यांतून दाखवलं आहे. त्या अवस्थेत आपण इमिग्रेशनच्या प्रश्नांना उत्तरं देतो, गेट शोधतो, परकं चलन मोजतो. पहाटेच्या विमानात तारखेचाही एक फास असतो. तिकिटावर पंधरा तारीख आणि वेळ पहाटे अडीच असेल, तर विमानतळावर चौदाच्या रात्री पोचायचं असतं. सोपी गोष्ट आहे, पण चुकली की सगळंच चुकतं. ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.

पावसाळ्यात यात आणखी भर पडते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्यांचा वेग कमी होतो, आणि तो करायलाच हवा. 14 जुलै 2024 ला खेडजवळ दिवाणखवटी इथे दरड कोसळली आणि वाहतूक जवळजवळ दिवसभर ठप्प झाली. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुराची आठवण तर जिल्ह्यात कोणाला करून द्यायला नको. जून ते ऑक्टोबरमध्ये परदेशी निघणाऱ्याने निदान एक दिवस आधी मुंबई गाठून तिथे रात्रभर झोपावं, असं मला अगदी ठामपणे सांगावंसं वाटतं.

यावर पैशांचा आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मुंबईत एका रात्रीची खोली स्वस्त नाही, नातेवाइकांकडे दरवेळी उतरता येत नाही. पण चुकलेल्या विमानाचं नवं तिकीट त्याच्या कितीतरी पट पडतं. शिवाय पैसे वाचवायला आपण दुसरीकडे जास्त धोका पत्करतो. मुंबई-दुबई एक तिकीट आणि दुबईपुढचं वेगळं, असं स्वस्तात जुळवतो. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं, तर पुढे पोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. तिकिटं वेगवेगळी असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. एकट्याने पहिल्यांदा जाणाऱ्याने काटकसर बाकी कुठेही करावी, इथे करू नये.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. थकवा सोसणं म्हणजे जिद्द, असं आपण मानतो आणि दाखला देतो तो मोठ्या माणसांचा. धोंडो केशव कर्वे याच जिल्ह्यातल्या मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. एवढी पायपीट फुकट गेली. पण पुढचं बघावं. त्यांनी नंतर कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा दिली. बेत मोडला तेव्हा त्यांनी तो पुढे ढकलला. पायपीट आपण गौरवाने सांगतो, हे थांबणं मात्र गाळतो. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये घरचं कोणी बरोबर नसताना अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये, बाविशी गाठायच्या आत, पुण्यात वारल्या. त्यांना क्षय झाला होता. त्याचं खापर केवळ दगदगीवर फोडणं बरोबर होणार नाही. तरी त्यांच्या सोसण्याचेच पाठ मुलींना देताना आपण जरा विचार करावा.

सोसणं हा ज्यांचा रोजचा धंदा, त्यांच्याकडून वेगळंच शिकायला मिळतं. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुलं मर्चंट नेव्हीत आहेत. जहाजावर विश्रांती कोणाच्या मर्जीवर नसते, ती नोंदवावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार चोवीस तासांत किमान 10 आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळायला हवी. रोजच्या विश्रांतीचे दोनपेक्षा जास्त तुकडे करायचे नाहीत आणि त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. हा नियम नाजूक माणसांसाठी केलेला नाही. दमलेल्या माणसाच्या हातून जहाजं आदळली, माणसं गेली, म्हणून तो आला. सलग सहा तासांची अट आपणही उचलावी. लांबच्या प्रवासात, मग तो आखातातल्या नोकरीचा असो की सुनेच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जाणाऱ्या आईचा, उतरल्यावर आधी सहा तास पाठ टेकायची आणि त्याआधी सही, खरेदी, नातेवाइकांच्या भेटी काही ठरवायचं नाही. शरीराचं घड्याळ नव्या वेळेशी साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी आपला फरक साडेनऊ-साडेदहा तासांचा आहे. पहिला आठवडा दुपारी डोळा लागणार आणि रात्री टक्क जाग येणार, हे मुलगा-सुनेलाही आधी सांगून ठेवावं. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या घड्याळाने घ्यायच्या, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं.

आणि तरीही बेत मोडतोच. एप्रिल 2010 मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद पडलं. 16 एप्रिल 2024 च्या पावसात दुबईचा विमानतळ पाण्यात गेला आणि आपल्याकडचे कितीतरी प्रवासी तिथेच अडकले. अशा वेळी काउंटरपुढच्या रांगेत उभ्या माणसाने डोकं चालवण्याचा हट्ट धरू नये. तिकिटाचा पीएनआर, विम्याचा कागद आणि पासपोर्टची प्रत घरच्या एका माणसाकडे आधीच द्यावी. फोन लावणं, दुसरं विमान शोधणं हे झोप झालेल्या त्या माणसाने करावं. प्रवाशाने पाणी प्यावं, खाऊन घ्यावं, फोन चार्ज ठेवावा आणि हॉटेल-जेवणाची सोय विचारावी. विमानतळाबाहेर पडायला व्हिसा लागतो का, हेही घरूनच पाहून ठेवायचं असतं. यात एकटेपणाचा अभिमान दुखावतो, असं काही तरुण म्हणतात. मला ते पटत नाही. बोट खोल समुद्रात एकटी गेली तरी किनाऱ्यावर कोणीतरी हवामान ऐकत बसलेलं असतं.

परतीचा हिशेब तर कोणीच मांडत नाही. युरोप-अमेरिकेतून भारताकडे, म्हणजे पूर्वेकडे येताना शरीर जुळायला बहुधा जास्त वेळ लागतो. त्यात न्यायला आलेला भाऊ किंवा शेजारी रत्नागिरीहून आठ तास गाडी चालवून आलेला असतो आणि विमान पहाटे उतरलं की तसाच परत निघतो. मागे जेटलॅगने पेंगलेला प्रवासी, पुढे रात्रभर जागलेला चालक आणि वाटेत कशेडीचा पट्टा. त्यापेक्षा चालकाने मुंबईत झोप काढून दुपारी निघावं, किंवा गाडी न बोलावता दुसऱ्या दिवशीच्या रेल्वेचं आरक्षण करावं. ते आरक्षण गाडीच्या तारखेआधी साठ दिवसच खुलं होतं; परतीची तारीख त्याहून लांब असेल तर ते काम घरच्या माणसावर सोपवून जावं.